वाळूचा श्वास

देवराम बहिरा झालाय हे तृप्तीला बसस्टँडवर कळलं. पेठची एसटी येऊन लागली, तो उतरला. तिनं मागून "देवराम, अरे देवराम!" अशा हाका मारल्या, तरी तो सरळ रिक्षांकडे चालत राहिला. शेवटी तिनं धावत जाऊन खांद्यावर हात ठेवला. तो दचकून वळला, तिला ओळखून हसला आणि नको तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "ऐकू येत नाय मला. तोंडाकडं बघून बोल, म्हंजे कळतं."

फोनवर त्याची मुलगी बोलली होती. बाबा येतील म्हणाली, बाकी काही म्हणाली नव्हती.

"अरे, मग तू वाजवणार कसा?" तृप्तीनं विचारलं.

"हातानं," देवराम म्हणाला.

हे २००७ सालचं. त्याच्या आधी जवळजवळ नऊ वर्षं 'बोंब' बंद होती.

बोंब हा नाशिकचा बँड. चौघांचा. तृप्ती देवळाली कॅम्पात वाढली, तिचे वडील तोफखान्याच्या कँटीनमध्ये होते. शेजारच्या एका अधिकाऱ्याच्या मुलाकडे परदेशी कॅसेटी असत. त्यातलं पंक ऐकून तिचं डोकं फिरलं. तीन कॉर्ड, सुसाट वेग आणि मनात जे खदखदतंय ते सरळ ओरडून सांगायचं. गोड गळा नसला तरी चालतं. ती बास गिटार शिकली. पंचवटीतला अंबादास गिटार वाजवायचा; त्याच्या काकांचा लग्नाला स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता, म्हणून आवाजाचं सगळं सामान त्याच्याकडूनच यायचं. देवराम पेठकडचा. द्राक्षांच्या कामाला नाशिकला आला आणि लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायला लागला. तिथं अंबादासनं त्याला हेरलं.

आणि गायला वाळू. घोटीचा. सातपूरला आयटीआयमध्ये फिटरचं शिकत होता. लहानपणी पडून त्याचं नाक मोडलं होतं, श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. सुराशी त्याचं काही नातं नव्हतं. पण तो माईकसमोर उभा राहिला की लोक हातातला वडापाव खायचा विसरत.

नव्वदच्या दशकात त्यांनी जिथं मिळेल तिथं कार्यक्रम केले. कॉलेजांच्या गॅदरिंगला, कामगारांच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मांडवात. एका मांडवातून तर आरतीच्या आधीच त्यांना उतरवलं होतं. एक कॅसेट निघाली, काकांच्या गोदामात रेकॉर्ड केलेली. तिच्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'गप्प बस'.

"बाप म्हणतो गप्प बस, मास्तर म्हणतो गप्प बस, साहेब म्हणतो गप्प बस", असं ते वाढत वाढत जायचं आणि एका जागी सगळंच थांबायचं. पूर्ण शांतता. मग वाळू आपल्या मर्जीनं, हवं तेव्हा, "नाय बसत!" असं ओरडायचा आणि त्याच क्षणी देवरामचा ड्रम फुटल्यासारखा वाजायचा. त्या थांबण्याला माप नव्हतं. कधी ते चटकन संपे, कधी लोक कासावीस होईपर्यंत लांबे. देवराम मागे बसायचा, त्याला वाळूची फक्त पाठ दिसायची. पण ओरडण्याआधी वाळू श्वास घ्यायचा आणि माईकमधून ती शिट्टी ऐकू यायची. देवराम तेवढ्यावर काठी उचलायचा. तो कधी चुकला नाही.

९८ च्या थंडीत कसाऱ्याच्या घाटात, सकाळच्या धुक्यात, वाळूच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. तिघंही घोटीला अंत्यविधीला गेले होते. तिघांनीही त्याला जळताना पाहिलं. त्यानंतर पुन्हा वाजवायचं कुणी नावच काढलं नाही. अंबादासनं काकांचा धंदा घेतला. तृप्ती देवळालीतल्या एका आरोग्यधामाच्या ऑफिसात लागली. देवराम गावी गेला, तिथून एका खडीच्या क्रशरवर. कान तिथं गेले.

मग २००७ मध्ये सृष्टी नावाच्या कॉलेजातल्या मुलीनं मामाच्या घरी सापडलेली ती कॅसेट कॉम्प्युटरवर घातली. गाणी पोरांच्या मोबाइलवर फिरली. सृष्टी अंबादासला शोधत पंचवटीत आली आणि म्हणाली, "सर, आमच्या कॉलेजात एकदा वाजवा ना."

"सर म्हणाली," अंबादासनं तृप्तीला फोनवर सांगितलं. "मला. सर. मी हो म्हणून बसलो."

पहिली तालीम अंबादासच्या गोदामात, रविवारी दुपारी. बाहेर भाजीबाजाराची ओरड चालू होती, म्हणून शटर अर्धं ओढलेलं. देवरामनं चपला काढल्या आणि ड्रमखाली एक लाकडी फळी मागून घेतली. फळीवर पाय ठेवून, तृप्तीच्या हाताकडे बघत त्यानं वाजवायला सुरुवात केली. वेग तोच, जोर तोच. तृप्ती आणि अंबादास एकमेकांकडे बघून हसले.

गाणार होती तृप्ती. 'गप्प बस'मधली ती थांबायची जागा काढून टाकायची असं दोघांनी आधीच ठरवलं होतं. अंबादासचं म्हणणं, वाळूशिवाय तिथं थांबलं तर आपण विसरलोय असं वाटेल. देवरामलाही ते खुणेनं समजावलं होतं, त्यानं मान डोलावली होती.

पण ती जागा आली आणि देवराम थांबला. मग हे दोघंही अडखळून थांबले. बाहेर कुणी तरी कोथिंबिरीची जुडी ओरडून विकत होतं. तृप्ती काही म्हणणार, एवढ्यात देवरामनं काठी उचलली आणि जोरात हाणली. ती दचकून ओरडली, "नाय बसत!", आणि गाणं पुढं गेलं.

"कशावर उचललंस?" गाणं संपल्यावर अंबादासनं तोंड त्याच्याकडे करून विचारलं.

"श्वासावर," देवराम म्हणाला.

"कुणाच्या?"

देवरामनं तृप्तीकडे बघितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. त्यानं अर्ध्या शटरकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"शिट्टी वाजली ना," तो म्हणाला.

कॉलेजचा कार्यक्रम दुपारी चारला, हॉलमध्ये. पोरांना सगळी गाणी पाठ होती, याचं तिघांनाही नवल वाटलं. 'गप्प बस'मध्ये देवराम पुन्हा थांबला, तालमीपेक्षा जास्त. या वेळी तृप्ती तयार होती. ती नुसती वाट बघत उभी राहिली आणि ड्रम वाजल्यावर ओरडली. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी.

पडद्यामागे देवराम खुर्चीवर बसून रडत होता.

"काय झालं?" तृप्ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"दाराशी होता," तो म्हणाला. "हॉलच्या दाराशी. लांब होता, पण गात होता. प्रत्येक गाणं गायला."

"कोण?"

"असं काय विचारते? वाळू." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "मला पाच वर्षं काय ऐकू आलं नाय, तृप्ती. पोरीचा आवाज कसा झालाय ते मला ठाऊक नाय. आणि आज ऐकलं."

अंबादासच्या साडूचे भाऊ कानाचे डॉक्टर होते. त्यांनी सांगितलं, असं होतं. बहिऱ्या माणसाच्या डोक्यात जुनी गाणी वाजतात, खरीखुरी ऐकल्यासारखी. घाबरायचं काही नाही. अंबादासला ते पटलं. तृप्तीनंही पटवून घेतलं. त्याला आनंद होतोय ना, मग होऊ दे, असं ती म्हणाली.

दुसरा कार्यक्रम देवळाली कॅम्पात झाला. फौजी कुटुंबं, बाजारातले दुकानदार, आरोग्यधामातले तिचे सहकारी असे सगळे आले होते. ऊन अजून हॉलच्या खिडक्यांतून आत येत होतं. दूर रेंजवर तोफांचा सराव चालू होता आणि अधूनमधून काचा थरथरत. दोन गाण्यांच्या मध्ये तृप्ती पाणी प्यायला वळली, तर देवरामनं मागे एक वेगळाच ताल धरला. बोंबचा नव्हता तो. संथ होता, एक पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखा.

अंबादासनं भुवया उंचावल्या. तरी त्यानं एक कॉर्ड लावून बघितली. ती बसली. तृप्तीनं बाटली ठेवली आणि बास उचलली. तिची बोटं आपोआप योग्य ठिकाणी पडायला लागली, जणू हे गाणं तिनं पूर्वी शंभरदा वाजवलं होतं. गायचं कुणी नव्हतं. तिघं नुसते वाजवत राहिले.

तेव्हा तिला समोर काही तरी दिसलं. मधल्या रांगेत कडेला बसलेल्या बाईनं गुडघे आवळून घेतले, कुणाला आत जायला वाट द्यावी तसे. मग तिच्या शेजारच्या माणसानं. मग त्याच्या शेजारच्या सुभेदारांनी पाय बाजूला घेऊन मांडीवरची टोपी उचलली. वर कुणी बघितलं नाही, बोलणं थांबवलं नाही. सवयीनं पाय घेतले आणि पुन्हा सैल सोडले. रांगेच्या मधोमध एक खुर्ची रिकामी होती. तिथपर्यंत आल्यावर ते थांबलं.

कार्यक्रम संपल्यावर तिनं देवरामला काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "आज मधे बसला होता. खुर्च्यांत. नवं गाणं म्हणत होता, पण शब्द नीट लागले नाय."

तृप्ती तिथंच पायरीवर बसली. अंबादास वायर गुंडाळत होता, तो थांबला. "तुला काय झालं?"

तिनं जे बघितलं ते सांगितलं. अंबादासनं वायर पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

"आता बंद करू," ती म्हणाली. मग देवरामसमोर येऊन सावकाश म्हणाली, "देवराम, घोटीला नको जायला."

घोटीच्या पोरांच्या मंडळानं बोलावलं होतं. वाळूच्या गावात, वाळूच्या नावानं कार्यक्रम.

"जायचंच," देवराम म्हणाला.

"अरे, तो प्रत्येक वेळी जवळ येतोय."

"येऊ दे की. आपलाच हाय."

"आणि तुझ्या मागं येऊन उभा राहिला तर?"

देवराम हसला. "माझ्या मागं कशाला येईल? त्याची जागा पुढं. माईकवर."

आता माईकवर तृप्ती उभी राहत होती.

तरीही ती गेली. नाही म्हणायचं तिनं दोनदा ठरवलं. पण दोन्ही वेळा तिला देवरामचा तो रडतानाचा चेहरा आठवला. शिवाय वाळूची आई, कुसाबाई, येणार असं मंडळानं कळवलं होतं. कुसाबाईनं मुलाला गाताना कधी ऐकलंच नव्हतं. "नुसता ओरडतो," म्हणायची आणि घरीच राहायची.

भाताच्या गिरणीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली स्टेज बांधलं होतं. दिवस उन्हाळ्याचे, गिरणी बंद, एका बाजूला भुशाचा ढीग. उन्हं उतरायला लागल्यावर गाव जमलं. कुसाबाईला पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. छोटीशी बाई, पदर घट्ट लपेटलेला. तृप्ती खाली उतरून तिच्या पाया पडली.

"तू ती कॅम्पातली ना गं?" कुसाबाई म्हणाली. "लय वाळली."

पहिली गाणी नीट गेली. काहीच झालं नाही. तृप्तीला वाटलं, उगाच घाबरलो आपण. मग 'गप्प बस' सुरू झालं, वाढत गेलं आणि ती जागा आली.

सगळं थांबलं. पत्र्यावर बसलेलं एक कबूतर उडालं, तेवढाच आवाज. तृप्ती माईकजवळ तोंड नेऊन उभी होती. आणि माईकचा काळा स्पंज तिच्या ओठांना ओला लागला. गार आणि ओला, कुणी तरी बराच वेळ त्यावर तोंड ठेवून गात असल्यासारखा. तिनं श्वास घ्यायचा प्रयत्न केला, पण हवा आत येईना. पुढं तिनं अंबादासला सांगितलं, की तीच हवा त्याच वेळी दुसरं कुणी तरी घेत होतं.

ती मागं सरली. माईक मोकळा झाला.

देवरामची काठी पडली. पण "नाय बसत!" कुणी ओरडलं नाही. देवरामनं तोच तो लंगडा, संथ ताल धरला. अंबादासची नजर शेजारच्या आवाजाच्या मिक्सरवर गेली. माईकवर कुणी बोलत असलं की त्याच्यावरचे बारीक हिरवे दिवे वर-खाली होतात. समोरच्या माईकचे दिवे वर-खाली होत होते. चढत, उतरत, मधे थांबत, पुन्हा चढत. स्पीकरमधून मात्र काहीही येत नव्हतं. अंबादासनं आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, तरी नाही.

माणसं हलत नव्हती. एक तान्हं मूल रडायचं थांबून स्टेजकडे टक लावून बघत होतं. देवरामचा चेहरा उजळला होता, ओठ हलत होते.

कुसाबाई उठली. खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश उठली आणि खेळात रमलेल्या पोराला अंगणातून हाक मारावी तशी म्हणाली,

"वाळू, पुरे आता. घरी चल, बाळा."

दिवे खाली आले आणि विझले.

देवरामच्या काठ्या हवेतच राहिल्या. "कुठं गेला?" तो ओरडला. "अरे, कुठं गेला? तृप्ती, कुठं गेला?"

कुसाबाई वळून फाटकाकडे निघाली होती. तिचा एक हात किंचित मागं होता. गटारावरच्या फरशीपाशी ती थांबली, मागं बघितलं, कुणी ओलांडेपर्यंत वाट बघितली आणि पुढं गेली. गर्दी तिला वाट देत होती. एका बाईला लागते त्याहून रुंद वाट.

पुढच्या रविवारी देवराम तालमीला आला नाही. अंबादास म्हणाला, बरंच झालं, आता नकोच. तो माईक त्यानं कपाटात ठेवून दिला होता, भाड्यानंही देत नव्हता. तृप्तीनं पेठला फोन लावला.

"बाबा घोटीला गेलेत," मुलगी म्हणाली. "परवाही गेलते. काय काम हाय तिथं त्यांचं?"

तृप्ती दुसऱ्या दिवशी रजा टाकून घोटीला गेली. बाजाराच्या मागे कुसाबाईचं दोन खोल्यांचं घर. ओट्यावर देवराम आणि कुसाबाई समोरासमोर बसून शेंगा सोलत होते. दोघांच्याही माना एका तालात हलत होत्या.

"ये गं, बस," कुसाबाई म्हणाली.

तृप्ती बसली. तिनं कान दिला. कुठं तरी स्कूटर सुरू होत होती, शेजारी कुणी भांडी घासत होतं. बाकी काही नाही. दार उघडं होतं. आत कॉटवर घडी घातलेली गोधडी, भिंतीवर वाळूचा फोटो. फोटोला हार नव्हता. हाराच्या खिळ्यावर एक शर्ट टांगला होता, नुकताच धुतलेला.

"मावशी, तुम्हाला ऐकू येतो?"

"आधी येत नव्हता," कुसाबाई म्हणाली. "दोन-चार दिवसांनी यायला लागला. जेवताना तेवढा थांबतो. नायतर चालूच."

"भीती नाही वाटत?"

"माझ्या पोराची?" तिनं शेंगांची टोपली तृप्तीपुढं सरकवली. "तेव्हा ऐकायला पायजे होतं मी. आता ऐकते."

तृप्तीनं देवरामच्या खांद्याला हात लावला. तो तोंडाकडं बघायला लागला. "घरी जा, देवराम. पोरगी वाट बघते."

"जाईन की. सांजच्याला जातोच. परत येतो." त्यानं एक शेंग फोडली. "शब्द कळतात आता."

"काय म्हणतो?"

"लय काय काय. मधी मधी तुझं विचारतो."

तृप्तीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय विचारतो?"

"तृप्ती बास का वाजवत नाय?"

तिनं दाराकडे बघितलं. आतला शर्ट हलत नव्हता, वारा नव्हताच. तिला उठून पळावंसं वाटलं; स्टँड जवळ होतं, नाशिकची गाडी मिळाली असती. पण समोर ही दोन माणसं शेंगा सोलत बसली होती, आणि बोंब बंद पडल्यापासून एवढं समाधान तिनं देवरामच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

"घरी राहिली," ती दाराच्या दिशेनं म्हणाली. "पुढच्या वेळी आणते."

देवरामनं जरा वेळ ऐकलं, मग मान डोलावली. "बरं म्हणतो."

बोंबनं पुन्हा कुठं कार्यक्रम केला नाही. कॉलेजांचे फोन आले, अंबादासनं टाळले. सृष्टी एकदा गोदामात येऊन गेली, तिला त्यानं चहा पाजला आणि देवरामची तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं.

तृप्ती पुढच्या रविवारी बास घेऊन घोटीला गेली. अंबादासला तिनं सांगितलं नाही. स्पीकर नव्हता, त्यामुळे ओट्यावर त्या जाड तारांचा आवाज भुंग्याएवढा येत होता. देवरामनं तेलाचा रिकामा डबा उपडा घातला होता. समोरून जाणारी माणसं क्षणभर थांबून बघत आणि पुढं जात. तृप्तीला ताराच तेवढ्या ऐकू येत होत्या. आतून काहीच नाही. तरी देवराम जिथं थांबला तिथं तीही थांबली, आणि पुन्हा सुरू करताना दोघं एकत्रच सुरू झाले.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा तिनं बास खोळीत घालायला घेतली.

"गाडीला वेळ हाय अजून," कुसाबाई म्हणाली. "तो म्हणतो, आणखी एक."